बँड फुटला, पण भागीदारी अजून मोडलेली नाही

प्रश्न : आम्ही कोल्हापुरातल्या चौघांनी २०१९ मध्ये मराठी रॉक बँड सुरू केला. मी बेस वाजवतो. उद्यमनगरात माझ्या वडिलांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर सराव चालायचा. लेखी करार कधीच केला नाही. २०२१ मध्ये नऊ गाणी रेकॉर्ड केली, ती स्ट्रीमिंगवर आहेत. शब्द सगळे गायकाचे. पाच गाण्यांच्या चाली माझ्या, उरलेल्या चार आम्ही चौघांनी मिळून बसवल्या. कार्यक्रमाचे पैसे गायकाच्या खात्यावर यायचे आणि खर्च वजा जाता चौघांत सारखे वाटले जायचे. त्यातूनच मिक्सर आणि स्पीकर घेतले, सुमारे १ लाख ८० हजारांचे. गेल्या महिन्यात भांडण विकोपाला गेलं. मी ग्रुपवर ‘मला आता हे जमणार नाही, मी निघतो’ असं लिहिलं आणि बाहेर पडलो. पाठोपाठ ड्रमरही पडला. आता कळतंय की गायकाने बँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज स्वतःच्या नावाने भरलाय. त्याने ५०० रुपयांच्या स्टँपवर ‘ना हरकत’ही पाठवलंय : दोन वर्षं कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात स्टेजवर वाजवायचं नाही आणि गाण्यांवरचे सगळे हक्क त्याला द्यायचे. एका कॉलेजकडून जानेवारीच्या कार्यक्रमाचे ४०,००० रुपये आगाऊ घेतलेले आहेत. लीड गिटारिस्ट कोणाच्याच बाजूला नाही. मला आणि ड्रमरला नवा बँड काढायचाय. जुनं नाव थोडं बदलून वापरता येईल का? जुनी गाणी वाजवता येतील का? त्या कागदावर सही करू का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथेच होण्याची भीती आहे. सही करू नका. तुम्हाला कोणीतरी सांगेल की असल्या कागदाला काही किंमत नसते, करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दच असतो, तेव्हा कटकट मिटवायला सही करून टाक. नोकरदाराच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. तुमच्या बाबतीत नाही. भागीदारी मोडताना भागीदारांनी आपापसांत ‘अमुक काळ, अमुक भागात असाच धंदा करणार नाही’ असं लिहून दिलं आणि ते बंधन वाजवी असलं, तर भागीदारी कायद्याचं कलम ५४ ते वैध मानतं. दोन वर्षं आणि तीन जिल्हे हे वाजवी आहे की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालण्यात तुमची ती दोन वर्षं जातील.

‘पण आमची कुठे भागीदारी होती, आम्ही तर मित्र,’ असं तुम्ही म्हणाल. भागीदारीला कागद लागत नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ मधलं कलम ४ एवढंच पाहतं की काही जणांनी मिळून धंदा चालवायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं ठरलं होतं का, आणि त्यातला एक जण सगळ्यांच्या वतीने वागत होता का. पैसे एका खात्यात, वाटणी चौघांत, सामान सामाईक पैशातून. याहून स्पष्ट काय हवं? पॉल मॅकार्टनीने ३१ डिसेंबर १९७० रोजी लंडनच्या हायकोर्टात जो दावा लावला, तो बीटल्सची भागीदारी विसर्जित करण्याचाच होता. त्यांच्याकडे करारपत्र होतं, तुमच्याकडे नाही. म्हणून तुम्हाला कायद्यातले ठरलेले नियम लागतात, आणि त्यातला पहिला नियम तुमच्या बाजूचा आहे : वेगळं काही ठरलेलं नसेल तर सगळ्यांचा हिस्सा सारखा.

तुम्ही पत्रासोबत एक स्क्रीनशॉट जोडलाय. गायकाचा मेसेज आहे : ‘एकूण ३२, गाडी ४, साऊंडवाला ६, राहिले २२, प्रत्येकी साडेपाच टाकलेत, बघा.’ हा मेसेज जिवापाड जपा. तुमच्या सगळ्या प्रकरणात याच्या तोडीचा दुसरा पुरावा नाही. तो फक्त स्क्रीनशॉट म्हणून ठेवू नका. ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडला असलात तरी जुने मेसेज तुमच्या फोनवर असतील, ते सगळे एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू किंवा रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग ज्याचा फोन त्यालाच सहज देता येतो, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते.

आता मूळ अडचणीकडे येतो. तुमच्या मनाने बँड गेल्या महिन्यात संपला. कायद्याने तो संपलेला नाही, आणि तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या त्या एका ओळीने थोडा गुंता केलाय. मुदत न ठरवलेल्या भागीदारीतून दोन वाटा निघतात. एक, भागीदार निवृत्त होतो, म्हणजे तो जातो आणि बाकीच्यांचा धंदा चालू राहतो (कलम ३२). दुसरी, भागीदार सगळ्यांना लेखी नोटीस देऊन भागीदारीच विसर्जित करतो (कलम ४३). पैशाच्या हिशेबात फार फरक पडत नाही, दोन्हीकडे तुमचा हिस्सा मिळायलाच हवा. नावाच्या बाबतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही ‘निवृत्त’ ठरलात तर बँड आणि त्याचं नाव राहिलेल्यांकडे राहिलं, असं गायक म्हणू शकतो. ‘विसर्जन’ झालं तर कलम ५३ खाली, सगळा हिशेब पूर्ण होईपर्यंत, त्या नावाने तसाच धंदा करण्यापासून तुम्ही त्याला रोखू शकता. तोही तुम्हाला रोखू शकतो, हे विसरू नका.

‘मला आता हे जमणार नाही, मी निघतो’ हे रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य आहे. ती निवृत्तीची नोटीस नव्हती असं ठामपणे मांडता येईल. पण जितके दिवस तुम्ही गप्प बसाल, तितकं ते मांडणं कठीण होईल. म्हणून याच आठवड्यात तुम्ही आणि ड्रमर दोघांच्या सहीने तिसऱ्या आणि चौथ्या भागीदाराला नोटीस पाठवा. स्पीड पोस्टने, पोहोच पावतीसह, आणि सोबत ईमेलवरही. ‘बँड सोडत आहोत’ हे शब्द त्यात नकोत. ‘आपल्या चौघांमधील भागीदारी या नोटिशीद्वारे अमुक तारखेपासून विसर्जित करीत आहोत’ असे शब्द हवेत. खाली हिशेबाची मागणी करा.

कॉलेजला त्याच दिवशी वेगळं पत्र द्या. विसर्जनाची जाहीर नोटीस निघेपर्यंत एका भागीदाराने बाहेर घेतलेल्या जबाबदारीत बाकीचेही अडकतात. कार्यक्रम झाला नाही तर कॉलेज ४०,००० रुपये चौघांपैकी कोणाकडूनही मागू शकतं, पैसे कोणाच्याही खात्यात असोत. नोंदणी नसलेल्या भागीदारीची जाहीर नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात द्यावी लागते. ती द्याच. पण कॉलेजला थेट पत्र गेलं की निम्मी काळजी मिटते. मुलांनी वर्गणी काढून दिलेले पैसे असतात ते. गायक आणि गिटारिस्ट कार्यक्रम करणार असतील तर करू द्या, नाहीतर परत करा. त्या पैशांवरून ताणू नका.

नावाचं सांगतो. इंग्लंडमधल्या सॅक्सन या हेवी मेटल बँडमध्ये असंच झालं होतं. बँडबाहेर पडलेल्या दोन जुन्या सदस्यांनी नाव ट्रेडमार्क म्हणून स्वतःकडे नोंदवून घेतलं आणि गायक कोर्टात गेला. २००३ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं की नाव आणि त्यामागची पत बँडच्या भागीदारीची असते, एकट्यादुकट्या सदस्याची नाही. ती नोंदणी टिकली नाही. हा निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण आपला भागीदारी कायदा त्याच मुशीतला आहे आणि मला तो युक्तिवाद भक्कम वाटतो. गायकाच्या अर्जाची प्रत ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ‘वापर कधीपासून’ या रकान्यात त्याने २०१९ लिहिलं असेल, तर तो चौघांचा वापर स्वतःच्या नावावर दाखवतोय. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवावा लागतो आणि ही मुदत वाढत नाही. ऑनलाइन फी २,७०० रुपये आहे. दर सोमवारी जर्नल निघतं, तेव्हा सोमवारी अर्जाची स्थिती पाहायची सवय लावून घ्या.

हा विरोध नाव मिळवण्यासाठी करू नका, ते एकट्याच्या खिशात जाऊ नये म्हणून करा. तुमच्या नव्या बँडला जुन्या नावाच्या आगेमागे ‘नवा’ किंवा ‘२.०’ लावलेलं नाव चालणार नाही. लोकांची गल्लत झाली की तुमच्यावर मनाई हुकूम येईल. पोस्टरवर खाली लहान अक्षरात ‘अमुक बँडचे माजी बेसिस्ट व ड्रमर’ लिहायला हरकत नाही, कारण ते खरं आहे. ठळक अक्षरं मात्र नव्या नावाची हवीत.

गाण्यांच्या बाबतीत ‘गाणं कोणाचं’ हा प्रश्नच मोडून विचारावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती मानतो. शब्द गायकाचे. पाच चाली तुमच्या, आणि त्या नोटेशनमध्ये लिहिलेल्या असण्याची गरज नाही. माळ्यावर रात्री फोनवर गुणगुणून ठेवलेली तारखेची रेकॉर्डिंग्ज आहेत ना? ती दोन ठिकाणी जपून ठेवा. बाकीच्या चार चालींत कोणाचं काय हे वेगळं काढता येत नसेल तर त्या चौघांच्या सामाईक. मास्टर रेकॉर्डिंग बँडच्या पैशातून झालं असेल तर तीही भागीदारीची मालमत्ता, आणि स्ट्रीमिंगचे पैसे आजही चौघांचे. ड्रमरला एक गोष्ट प्रेमाने सांगा : चालीला ताल धरला म्हणून तो आपोआप संगीतकार ठरत नाही. त्याला वादक म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, आणि तेही कमी नाहीत.

म्हणजे नव्या बँडने जुनं गाणं जसंच्या तसं वाजवायचं तर गायकाच्या शब्दांसाठी परवानगी लागेल. तो आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेचा, सदस्य असेल तर कार्यक्रमाचा परवाना आयोजक तिथून घेऊ शकतो. नसेल तर त्यालाच विचारावं लागेल. कव्हर म्हणून नव्याने रेकॉर्ड करण्याची कायदेशीर सोय आहे, पण पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पूर्ण पाच वर्षं थांबावं लागतं. तुमचं २०२१ चं, म्हणजे जानेवारी २०२७ च्या आधी नाही, आणि त्यातही अटी बऱ्याच आहेत. मी तुमच्या जागी असतो तर त्या पाच चालींवर नवे शब्द लिहून घेतले असते. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि तुम्ही त्या कागदावर सही केली असतीत तर नेमकं हेच हातचं गेलं असतं.

मिक्सर-स्पीकर तुमच्या माळ्यावर असले तरी ते तुमचे नाहीत. फोटो काढा, बिलं शोधा, विकू नका, लपवू नका. गायक न्यायला आला तर आजची किंमत ठरवून लेखी पावती घेतल्याशिवाय देऊ नका. ज्याचं त्याचं वाद्य ज्याच्या त्याच्याकडे.

समझोता नाहीच झाला तर? समोरचा वकील म्हणेल की नोंदणी नसलेल्या भागीदारीला महाराष्ट्रात हिशेबाचा दावाही लावता येत नाही. १९८४ च्या राज्य दुरुस्तीने आलेलं कलम ६९(२अ) तसं म्हणत होतं खरं. ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवलं आहे. विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावा तुम्हाला लावता येतो, विसर्जनापासून तीन वर्षांच्या आत. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी जा. सहा वर्षं एका माळ्यावर एकमेकांचा घाम पाहिलेल्या माणसांनी आधी एका टेबलावर बसून पाहावं असं मला मनापासून वाटतं, आणि तिथे ठरेल ते लिहून घेतलं की कोर्टाचा खर्चही वाचतो.

नव्या बँडसाठी पहिल्या सरावाच्या आधी एक पानी करार करा : नाव कोणाचं, कोणी गेला तर काय, खातं दोघांच्या सहीचं. प्रत्येक गाणं पूर्ण होईल त्या रात्रीच शब्द कोणाचे, चाल कोणाची हे ग्रुपवर टाका आणि सगळ्यांनी ‘मान्य’ लिहा.

एक राहिलं. नोटीस लीड गिटारिस्टलाही जायलाच हवी, नाहीतर ती अपुरी ठरेल. तो कोणाच्या बाजूला नाही म्हणता, म्हणजे त्याला दोन्हीकडचं दुखतंय. पोस्टमनने पाकीट हातात देण्याच्या आधी त्याला फोन करा आणि सांगा की ही नोटीस त्याच्याविरुद्ध नाही, त्याचा चौथा हिस्सा त्यातच मागितलाय.