एक ओळ बदलली की सगळंच का कंपाइल होतं?

प्रश्न : आमचा सी++ प्रकल्प ९०० फायलींचा, ४० फोल्डरांत विभागलेला. प्रत्येक फोल्डरात वेगळी मेकफाइल (कोडमधून प्रोग्रॅम बनवणाऱ्या ‘मेक’ या साधनाची सूचना-फाइल). एक ओळ बदलली तरी १२ मिनिटं जातात. काहीच न बदलता मेक चालवलं तरी अर्धा मिनिट लागतो. आम्ही पाचजण आहोत. मेकऐवजी बेझल हे गूगलचं साधन घ्यावं का?

उत्तर : आधी ‘मेक --ट्रेस’ चालवा (आवृत्ती ४.० पासून मिळतं). कोणती फाइल कशामुळे पुन्हा बनते आहे ते दिसेल. दोष बहुधा एखाद्या हेडरचा (अनेक फायली जिला आत ओढून घेतात अशा सामायिक फाइलीचा) निघतो : आवृत्ती क्रमांकाचं हेडर, जे स्क्रिप्ट दर वेळी नव्याने लिहिते. मजकूर तोच असतो, पण मेक मजकूर बघत नाही, फाइलची वेळ बघतं. १९७६ साली स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं तेव्हापासून हेच चालत आलंय. स्क्रिप्टला तात्पुरत्या फाइलीत लिहू द्या, ‘सीएमपी’ या फायली ताडणाऱ्या आज्ञेने जुनीशी ताडा आणि फरक असेल तरच बदला. बिल्डची (प्रकल्प बनवल्याची) वेळ नोंदवत असाल तर ती हेडरमधून काढून एका .सीपीपी फाइलीत ठेवा.

अर्ध्या मिनिटाचं दुखणं वेगळं. प्रत्येक फोल्डरात नवं मेक सुरू होतं आणि पूर्ण प्रकल्पाचा आराखडा कोणालाच दिसत नाही. इथे साधन बदलणंच योग्य : सीमेकच्या (बिल्डच्या सूचना तयार करून देणाऱ्या साधनाच्या) फायली लिहा आणि ‘सीमेक -जी निंजा’ वापरा, म्हणजे मेकऐवजी निंजा हे साधन बिल्ड करेल. निंजा क्रोमसारख्या अवाढव्य प्रकल्पासाठीच जन्माला आलं. तेही वेळच बघतं, म्हणून वरची दुरुस्ती टळत नाही.

बदल करताना एक अडचण हमखास येते. निंजा आपणहून समांतर कामं चालवतं, त्यामुळे न सांगितलेली अवलंबित्वं (कशाआधी काय बनायला हवं ते) उघडी पडतात. बिल्ड एकदा होतं, पुढच्या वेळी ‘हेडर सापडत नाही’. अशा वेळी ‘-जे १’ (एका वेळी एकच काम) लावून गप्प बसू नका. दोष तसाच राहतो. स्क्रिप्टने बनवलेलं हेडर लक्ष्याच्या (जो प्रोग्रॅम किंवा लायब्ररी बनवायची तिच्या) सोर्स यादीत घाला, दुसऱ्या लक्ष्याला लागत असेल तर ‘ॲड_डिपेंडन्सीज’ लिहा.

गिटमध्ये शाखा बदलली की फायलींच्या वेळा बदलतात. मग त्या पुन्हा कंपाइल होतात. त्यावर सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून पुन्हा वापरणारं साधन) उत्तम. लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडण्याला) मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे ‘एलएलडी’ किंवा ‘मोल्ड’ हे वेगवान लिंकर लावून पाहा.

बेझल वेळेऐवजी मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) बघतं आणि कॅश (आधी बनवलेल्याचा साठा) सगळ्यांत वाटून घेता येते, हे खरं. पण प्रत्येक अवलंबित्व हाताने नोंदवावं लागतं. पाचजणांच्या एकाच भाषेतल्या प्रकल्पाला ते ओझं आम्ही सुचवणार नाही.