चिरंजीवांना विचारलंत का?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स, ५८ टक्के. जेईई दोनदा दिली, जमली नाही. राजस्थानातल्या भडला सोलर पार्कचा व्हिडिओ पाहिल्यापासून त्याला सौरऊर्जेत घालायचं आम्ही ठरवलं आहे. एका खासगी कॉलेजात सोलरचं बी.टेक. आहे, त्यासाठी एकरभर शेत विकायची तयारी आहे. वाळवंटात एवढं ऊन, म्हणजे वीजही अफाट आणि नोकऱ्याही. चिरंजीव मात्र दिवसभर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून असतात. त्यांना समजवा.
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. शेत कळलं, कॉलेज कळलं, भडला कळलं. मुलाला काय वाटतं, ते कुठेच सापडलं नाही. त्याच्याबद्दल एकच खरी माहिती तुम्ही दिलीत, तीही तक्रार म्हणून: तो रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो. अहो, दोन वर्षं जेईईचा मार खाल्लेला पोरगा आपणहून तांब्याच्या तारा गुंडाळायला जातो, याचा तुम्हाला आनंद व्हायला हवा होता. लाज कसली वाटते? दुकानाला पाटी नाही म्हणून?

आता तुमचा गैरसमज. पॅनलला उजेड हवा असतो, उकाडा नको. त्याची क्षमता मोजतात ती पॅनल २५ अंशांवर असताना, आणि त्यावर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले की पॅनल ६५ च्या पुढे जातं, म्हणजे सातवा-आठवा हिस्सा तिथेच गेला. वर धूळ. पाणी दुर्मिळ, म्हणून पॅनल कोरडीच पुसणारे रोबो फिरवावे लागतात. तरीही भडल्यात, फलोदीजवळ, सुमारे १४ हजार एकरांवर २,२४५ मेगावॉट उभे राहिले, कारण आकाश वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र आणि जमीन पडीक. नोकऱ्यांचंही तसंच. उभारणीच्या वेळी माणसांची झुंबड, प्रकल्प सुरू झाला की मोजकी माणसं पुरतात.

जी लागतात ती इन्व्हर्टर, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन आणि उच्चदाबाच्या वाहिन्या सांभाळणारी. वाहिन्या अपुऱ्या पडल्या की भर दुपारी तयार होऊ शकणारी वीज थांबवावी लागते. राजस्थानात हे घडलेलं आहे. ही सगळी कामं इलेक्ट्रिकलची. 'सोलर' एवढंच नाव लावलेल्या पदवीसाठी जमीन विकणं मला साफ नामंजूर आहे. एजंटाने गळ घातली असेल तर त्याला सांगा, मी नको म्हणालो.

बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिकल घ्यावं, सरकारी मिळालं तर उत्तम. पुढे वाटलं तर डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनही कमी नाही. सौर पंप आज तुमच्याच तालुक्यात लागताहेत, ते बिघडल्यावर जोधपूरहून कोणी येणार नाही.

अर्थात हेही मीच ठरवतोय. तेव्हा एक करा: त्या दुकानदाराला भेटा आणि पोराचा हात कसा आहे ते विचारा. पुढचं पत्र मुलाला लिहू द्या. पाकीट त्यालाच चिकटवू द्या, आधी वाचू नका.