पानाचा पत्ता कोणाच्या हातात?

प्रश्न: आमची वेबसाइट लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये आहे. संपादक अ‍ॅडमिन पॅनलमधून पानं तयार करतात, स्लगही (पत्त्यातलं पानाचं छोटं नाव) तेच देतात. वेब.पीएचपी ही राउट्सची (कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं त्या नियमांची) फाइल आता 700 ओळींची झालीय. नवीन पान आलं की कुणीतरी तिथे एक ओळ घालतं आणि व्ह्यूजच्या फोल्डरमध्ये एक ब्लेड फाइल (पानाचा साचा). अशा 43 फाइल्स साठल्यात. हे थांबवायला एका सहकाऱ्याने डेटाबेसमधली पानं लूपमध्ये घेऊन राउट्स बनवायला सुरुवात केली. आता आमच्या मशीनवर नवीन पान दिसतं, सर्व्हरवर मात्र 404 (‘पान सापडलं नाही’) येतं. राउट्सची फाइल विषयवार तोडली तर हे सुटेल का?

उत्तर: फाइल जरूर तोडा, वाचायला बरं पडेल. पण 404 त्याने जाणार नाही. आधी त्याचंच कारण सांगते. सर्व्हरवर कोड चढवताना तुमच्याकडे बहुधा ‘राउट:कॅश’ (सगळे राउट्स एकदाच वाचून साठवून ठेवणारी कमांड) चालत असणार. त्या क्षणी डेटाबेसमध्ये जी पानं असतील त्यांचेच राउट्स त्या कॅशमध्ये गोठतात. संपादकाने दुपारी टाकलेलं पान त्यात नाही, आणि पुढचा कोड चढेपर्यंत येणारही नाही. तुमच्या मशीनवर कॅश नाही, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. हाच लूप आणखी एका ठिकाणी अडवतो: रिकाम्या डेटाबेसवर प्रोजेक्ट नव्याने उभा करायला गेलात की मायग्रेशनच्या (टेबलं तयार करण्याच्या पायरीच्या) आधीच तो पानांचं टेबल शोधतो आणि आर्टिसनची, म्हणजे लारावेलच्या कमांड चालवणाऱ्या साधनाची, कमांडच कोसळते. तो लूप आजच काढा.

मग पानं कुठून येणार? मी प्रत्येक पत्त्याबद्दल एकच प्रश्न विचारते: हा पत्ता कोण बदलू शकतं? लॉगिन, शोध, नोंदणीचा फॉर्म हे प्रोग्रामरचे पत्ते; ते राउट्सच्या फाइलमध्ये, नावासकट लिहायचे. ‘आमच्याविषयी’, बातम्या, माहितीपर पानं हे संपादकाचे पत्ते. ते फक्त डेटाबेसमध्ये. त्या सगळ्यांसाठी राउट्सच्या फाइलमध्ये एकच ओळ, फाइलच्या अगदी शेवटी. लारावेल राउट्स वरून खाली जुळवत येतं आणि पहिला जुळला तो घेतं. सगळं गिळणारी ओळ वर गेली तर तिच्याखालचं लॉगिनसुद्धा ती गिळते. ‘राउट::फॉलबॅक’ (दुसरा कुठलाच राउट जुळला नाही तर चालणारा राउट) वापरलात तर ही भीती कमी, कारण त्याचा विचारच सर्वांत शेवटी होतो. तरी मी तो लिहिते शेवटीच, पुढच्या वाचणाऱ्यासाठी.

आता याच्या उलट बाजूचा अपघात. तो मी स्वतः होऊ दिला होता आणि आजही मला तो टोचतो. एका कामात संपादक बाईंनी ‘शोध कसा घ्यावा’ असं पान लिहिलं आणि स्लग दिला ‘सर्च’. ‘सर्च’ हा आमचा शोधाचा राउट होता. त्यांनी प्रकाशित केलं, पान उघडलं, तर समोर शोधाची चौकट! त्यांना वाटलं, आपण लिहिलेलं जतनच झालं नाही. पान पुसून त्यांनी तो मजकूर पुन्हा टंकला. एकदा नाही, तीनदा. कुठेही लाल अक्षरात काही आलं नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. तेव्हापासून स्लग जतन करतानाच मी नोंदवलेल्या राउट्सचे पहिले शब्द काढून तपासते आणि ‘हा शब्द साइटच्या कामासाठी राखीव आहे, दुसरा द्या’ असं त्या चौकटीखालीच सांगते. राखीव शब्दांची यादी हाताने लिहू नका. नवा राउट आला की ती लगेच जुनी होते.

पोटपानं असतील तर प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता एका कॉलममध्ये ठेवा, त्यावर युनिक इंडेक्स (एकच पत्ता दोनदा येऊ न देणारा) लावा. पालक पानाचा स्लग बदलला की खालच्या सगळ्यांचे पत्ते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतात, नाहीतर एकही नाही) बदला आणि जुने पत्ते वेगळ्या टेबलात टाका. विनंती आली की आधी चालू पान शोधा, मग जुना पत्ता, मग 404. हा क्रम उलटा नको, नाहीतर जुन्या पत्त्यावर नवं पान टाकणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवताना 301 (‘पत्ता कायमचा बदलला’) देत असाल तर सावध राहा. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, तुम्ही मागे घेतलात तरी. बदल पक्का नसेल तोवर 302 (‘तात्पुरता बदल’).

व्ह्यूजचं काम त्यामानाने सोपं, पण कष्टाचं. 43 फाइल्स म्हणजे 43 प्रकारची पानं नव्हेत. दोन-दोन फाइल्स शेजारी उघडून फरक बघा. बहुतेक ठिकाणी शीर्षक आणि एखादं चित्र एवढंच निराळं निघेल. टेम्प्लेट पानाला नाही, पानाच्या प्रकाराला द्यायचं: लेख, यादी, संपर्क, मुखपृष्ठ. प्रकारावरून फाइल कोडमधल्या ठराविक यादीतून निवडा. अ‍ॅडमिनमध्ये टाकलेलं फाइलचं नाव थेट व्ह्यूला कधीही देऊ नका. मेनूसाठी व्ह्यू कंपोझर (व्ह्यूला माहिती पुरवणारा कोड) ठीक, पण तो ‘*’ वर, म्हणजे सगळ्याच व्ह्यूजवर, लावू नका. प्रत्येक छोट्या तुकड्यासाठी तो पुन्हा चालतो आणि मेनूची क्वेरीही तितक्याच वेळा जाते. फक्त मुख्य लेआउटवर लावा.

हे सगळं एका दमात करू नका. आधी सर्व्हरच्या लॉगमधून गेल्या महिन्यात मागितलेले वेगळे पत्ते काढा आणि प्रत्येकाला आज कोणता स्टेटस कोड मिळतो ते लिहून ठेवा. मग जुन्या राउट्समधली दहा-बारा पानं डेटाबेसमध्ये हलवा, त्यांच्या ओळी फाइलमधून काढा आणि तीच यादी पुन्हा चालवा. जिथे 200 (‘पान नीट मिळालं’) चा 404 झाला तिथे थांबा. तो पत्ता दुरुस्त झाल्यावरच पुढची दहा पानं घ्या.