आईला थायरॉइड नाही, मग ठोक्यांच्या गोळीसोबत टीएसएच कशाला?

सदाशिव पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. तुमच्यासारखाच प्रश्न काउंटरवर नेहमी येतो: आईला थायरॉइड नाही, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू झालंय, मग डॉक्टर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; थायरॉइड मंदावलं की हा आकडा वाढतो) का करायला सांगतात?

कारण त्या औषधातच आहे. त्याच्या वजनाचा साधारण ३७ टक्के भाग आयोडीन. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीतून रोज सहा-सात मिलिग्रॅम आयोडीन शरीरात मोकळं होतं आणि माणसाची गरज १५० मायक्रोग्रॅमची. एवढा मारा झाल्यावर थायरॉइड मंदावतं तरी, नाहीतर भडकतं तरी. (ठोक्यांसाठीच्याच मेटोप्रोलॉलसारख्या दुसऱ्या गोळ्यांची ही भानगड नसते, तेव्हा आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा.)

गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा, मग तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी टीएसएच, सोबत टी४ (थायरॉइडचं संप्रेरक), असा साधारण क्रम असतो. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडं वर जाऊन आपोआप खाली येऊ शकतं. रिपोर्टमध्ये ठळक आकडा दिसला की लोक थेट थायरॉक्सिन (मंद थायरॉइडवरची गोळी) मागायला येतात; मी आधी डॉक्टरांना फोन करायला सांगतो.

मंदावलेलं थायरॉइड घरात सहसा वयाच्या नावावर खपतं. थकवा, बद्धकोष्ठता, पुण्याच्या एप्रिलातही आई स्वेटर काढत नाही. यात बहुतेकदा थायरॉक्सिन जोडतात, अमिओडॅरोन चालूच राहतं. भडकलेलं जास्त धोक्याचं. वजन उतरतं, हात थरथरतात, ताळ्यावर आलेले ठोके पुन्हा बिघडतात. धडधड मात्र जाणवेलच असं नाही, कारण हीच गोळी ती दाबते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) अचानक वाढला तर तोही इशारा समजा. अशा वेळी त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांना कळवा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तशीही ती शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते, म्हणून डॉक्टरांनी बंद केल्यावरही वर्षभर तपासणी लागते.

रक्त देतानाच एसजीपीटीही करून घ्या, लिव्हरसाठी तीही लागतेच.

आणि आई केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती थांबवा. नाहीतर टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि नसलेल्या दुखण्यामागे धावाधाव होते.