आयसी कधी मिळते, कधी नाही

प्रश्न: जळगावला घरीच इलेक्ट्रॉनिक तानपुरे बनवतो. तारेच्या आवाजाचा चढउतार सीए ३०८० या आयसीवर (चिपवर) चालतो, ती मुंबईहून मागवतो. मागचा लॉट झकास होता, यावेळी निम्म्या पेट्या खरखर करतायत आणि दुकानदार म्हणतो माल तोच आहे. काय करू?

उत्तर: भाऊ, माल तोच नाहीये. ३०८० बनणं कधीच बंद झालंय, बाजारात फिरतो तो जुना स्टॉक नाहीतर दुसऱ्याच चिपवर छापलेला नंबर. वरचा चार आकडी डेट कोड बघा, पहिले दोन आकडे साल आणि पुढचे दोन आठवडा, म्हणजे १९३४ असेल तर २०१९ चा ३४ वा आठवडा, आणि ३०८० वर इतकं अलीकडचं साल दिसलं की समजायचं गडबड आहे. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासा, वरचा काळा थर निघून खाली पुसट जुना नंबर दिसला तर संपलंच.

कायमचा उपाय एलएम १३७००, ती अजून बनते, अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे मिळते आणि एकात दोन ३०८० सारखे अ‍ॅम्प्लिफायर असतात, पण पाय सोळा, त्यामुळे पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, नवीन करावीच लागेल. कटकट आहे खरी. तोवर बेस (आयसी खोचायचं सॉकेट) लावा, म्हणजे खराब चिप उपटून काढता येते.

आणि वर्षभराचा माल एकदम घेऊन ठेवत जा, २०२० मध्ये जपानात एकेएम या ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली तेव्हा ऑडिओवाल्या मोठमोठ्या कंपन्याही अडकल्या होत्या.