डोक्याचा ‘साधा’ मार आणि पहिले काही तास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोपाळकाला झाला की माझ्याकडे डोक्याला लागलेल्या माराबद्दलच जास्त प्रश्न येतात. या वेळी गोविंदांच्या जोडीला बाथरूममध्ये घसरलेले वडील आहेत आणि स्कूटरवरून पडलेले मेव्हणेही. वैद्यकीय भाषेत हे सगळे मार ‘सौम्य’. सौम्य म्हणजे तपासणीच्या वेळी माणूस डोळे उघडून बोलतो आहे, एवढंच. कवटीच्या आत काय चाललंय, ते या शब्दावरून कळत नाही.

प्रश्न : माझा भाऊ (२४) चौथ्या थरावरून पडला. दोनेक मिनिटं शुद्ध नव्हती, मग उठून चालायला लागला. फक्त ‘माझा मोबाइल कुणाकडे आहे?’ हे पुन्हा पुन्हा विचारत होता. सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी महापालिकेच्या रुग्णालयात रात्रभर ठेवून घेतलं आणि सारखं उठवून नाव, वार विचारत राहिले. याची गरज होती का? (लालबाग)

होती. तो मोबाइलचा प्रश्नच त्याचं कारण आहे.

१९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजायची एक सोपी पद्धत दिली. जगभरच्या कॅज्युअल्टीत आजही तीच वापरतात. डोळे उघडण्याला ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. एकूण १५, आणि अगदी खोल बेशुद्धीतही किमान ३. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य मार. तुमचा भाऊ डोळे उघडत होता, सांगितलेलं ऐकत होता, पण त्याचं बोलणं गोंधळलेलं होतं. म्हणून ४, ४ आणि ६, एकूण १४. हा गेलेला एक गुण आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मार लागून दोन तास झाले तरी पंधरा भरले नाहीत, तर सीटी लांबवायचा नसतो.

सीटी तर नॉर्मल होता, असं तुम्ही म्हणाल. पण सीटी ज्या क्षणी काढला त्या क्षणाचं चित्र दाखवतो. कानशिलाजवळ कवटी पातळ असते आणि तिच्या आतल्या बाजूनं एक धमनी जाते. तिथलं हाड तडकलं तर ती फाटून आत हळूहळू रक्त साचू शकतं. अशा वेळी माणूस आधी शुद्धीवर येतो, घरच्यांशी बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी हळूहळू गुंगत जातो. स्कॅन स्वच्छ असेल, गुण पूर्ण पंधरा असतील आणि घरी लक्ष ठेवणारं माणूस असेल, तर सहसा घरी सोडता येतं. तुमच्या भावाचे पंधरा अजून भरायचे होते.

रात्री नेमकं काय करतात तेही सांगते. सिस्टर टॉर्च मारून डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आकसतात का ते बघते. ‘माझी बोटं दाबा’ म्हणून दोन्ही हातांचा जोर जोखते. मग वेळ टाकून केसपेपरवर आकडा लिहिते. पंधरा भरेपर्यंत हे दर अर्ध्या तासानं चालतं. भरल्यावर दोन तास अर्ध्या-अर्ध्या तासानं, पुढचे चार तास दर तासाला, नंतर दर दोन तासांनी. अडीचला पंधरा होते आणि तीनला चौदा झाले, तर त्याच मिनिटाला रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं जातं. सुटा आकडा फारसं सांगत नाही, आधीच्या आकड्याशी ताडून पाहिला की कळतं. तुमच्या भावाची झोपमोड या कामासाठी झाली.

प्रश्न : वडील (७४) बाथरूममध्ये घसरले. डोक्याला टेंगूळ आलं, बाकी ठणठणीत. स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. डॉक्टर सीटी करा म्हणतात. उगाच खर्च नको वाटतो. (गिरगाव)

हा खर्च उगाच नाही. आजच करून घ्या. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात आणि साध्या हिसक्यानंही तुटू शकतात. त्यात गोळ्यांमुळे रक्त लवकर गोठत नाही. ब्रिटनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा गोळ्या घेणाऱ्याला दुसरं काहीही लक्षण नसलं, तरी मार लागल्यापासून आठ तासांत सीटीचा विचार करायला हवा. एकटी ॲस्पिरिन चालू असेल तर तेवढा अपवाद.

कॅज्युअल्टीत जाताना गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या. ‘हार्टची लाल गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. आणि हात जोडून सांगते, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतेल. काय थांबवायचं आणि किती दिवस, ते हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवतात.

सीटी स्वच्छ आला तरी पुढचा दीड महिना लक्ष असू द्या. या वयात रक्त इतकं हळू साचतं की तीन-चार आठवड्यांनी चाल बिघडते, एक पाय ओढला जातो, माणूस दिवसा पेंगतो. घरात सगळे म्हणतात, वय झालं. तसं वाटलं तर पुन्हा स्कॅन करा. वेळेवर सापडलेलं असं रक्त छोट्या शस्त्रक्रियेनं काढता येतं.

प्रश्न : नर्सिंग होममध्ये डोक्याचा एक्स-रे काढला, नॉर्मल आहे. चालेल ना? (मुलुंड)

नाही. एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू नाही. हाड शाबूत असतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : मार लागल्यावर झोपू देऊ नये हे खरं का? (दादर)

झोपू द्या, मात्र डॉक्टरांनी तपासून घरी सोडल्यानंतर. पहिल्या रात्री दोन-तीनदा हाक मारून नीट जागं होतात ना ते बघा. जागं करणं अवघड गेलं, दोनदा उलटी झाली, फिट आली, एका हातातला जोर गेला, डोकेदुखी वाढतच चालली किंवा नाका-कानातून पाण्यासारखं काही गळलं, तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : मेव्हणे पार्टीहून येताना स्कूटरवरून पडले. बरळत होते. ‘उतरली की ठीक होतील’ म्हणून घरीच ठेवलं. (भांडुप)

पुढच्या वेळी असं करू नका. बरळणं दारूचं की डोक्यातल्या रक्ताचं, हे नुसतं पाहून मलाही सांगता येत नाही. म्हणूनच प्यायलेल्या माणसाला डोक्याला लागलं, तर आम्ही आधी माराचाच विचार करतो.

प्रश्न : मित्र चालत्या लोकलमधून फलाटावर पडला. पोलीस-एमएलसीचं लफडं नको म्हणून ‘जिन्यात पडला’ असं सांगितलं. काही बिघडलं का? (कुर्ला)

बिघडू शकलं असतं. किती उंचीवरून, किती वेगानं पडला, यावरून स्कॅन करायचा की नाही ते ठरतं. दोन पायऱ्यांवरून पडणं वेगळं आणि चालत्या गाडीतून पडणं वेगळं. अशा पडण्यात मानेचा मणकाही दुखावू शकतो, मग आधी गळ्याला कॉलर लावून मान तपासावी लागते. तुमच्या उत्तरामुळे ते राहून गेलं असतं.

एमएलसी म्हणजे डॉक्टरनं पोलिसांना कळवायची नोंद. तिच्यासाठी उपचार थांबत नाहीत. आधी जीव, मग कायदेशीर सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनं संरक्षण दिलं आहे, स्वतःचं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

प्रश्न : डिस्चार्ज मिळून दहा दिवस झाले. डोकं जड, चिडचिड, वाचताना लक्ष लागत नाही. सीटी नॉर्मल होता. रोज फास्ट लोकलनं सीएसएमटीला जायचं असतं. (डोंबिवली)

हे खरं दुखणं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. मेंदू हादरल्यावर असं होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं, काहींना तीनेक महिने लागतात. पूर्ण विश्रांती पहिले एक-दोन दिवसच. त्यानंतर अंधार करून पडून राहण्यानं उलट लांबतं. साहेबांशी बोलून आठवडाभर अर्धा दिवस जा, गर्दी टाळून उशिराची स्लो लोकल धरा. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. पूर्ण बरं वाटेपर्यंत बाइक आणि क्रिकेटही नको, कारण या काळात डोक्याला दुसरा मार बसू द्यायचा नाही.

त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला, तर पुन्हा रुग्णालयात जा. जुना केसपेपर आणि सीटीची फिल्म न विसरता बरोबर घ्या. तिथले डॉक्टर आधी त्या कागदावरचा पंधरापैकीचा आकडा शोधतील.