उन्हाळ्यात एसी सर्व्हिसला बाहेरचे टेक्निशियन घ्यायचेत, आपल्या टीममध्ये कसे बसवायचे?

पुण्यात दरवर्षी हेच करतो, मार्च ते जून आपली चार पोरं पुरतच नाहीत. पहिले आठ दिवस बाहेरच्या टेक्निशियनला एकटा धाडू नका, आपल्या माणसाबरोबर जोडीने फिरवा, काम येत असतं हो त्याला पण कस्टमरशी बोलायची आपली पद्धत माहीत नसते. रेट कामावर ठरवा आणि पैसे कधी सुटणार तेही आधीच, म्हणजे कॉइलचा आधीचा-नंतरचा फोटो, गॅस भरला असेल तर गेजचा (गॅसचं प्रेशर दाखवणारा मीटर) फोटो आणि लीक नेमका कुठे होता ते, सगळं जॉबकार्डवर (त्या कामाच्या नोंदीवर) आलं की मगच (व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेलं दोन दिवसांनी सापडत नाही). कस्टमरचं पेमेंट आपल्याच क्यूआरवर. महिन्यात तीच तक्रार आली तर त्याने फुकट जाऊन यायचं. पॅन आधी घ्या, एका वेळी ३० हजारांच्या किंवा वर्षात १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस (पैसे देतानाच कापायचा इन्कम टॅक्स) कापावा लागतो, एकट्या माणसाला १ टक्का, पॅन नसेल तर थेट २०.